धार पट्ट्याची आणि धार हाताची

शेतीच्या सुधारणेची गोष्ट निघाली म्हणजे बियाणे, खत, पाणी, औषध आणि ट्रॅक्टर यांचा ऊहापोह होतो. विळ्याच्या धारेचा विषय मात्र सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. तो विषय लोहाराचा, फार तर मजुराचा, असे आपण मानून चाललो आहोत. वस्तुतः पीक ज्या ज्या वेळी माणसाच्या हाताखालून जाते, त्या त्या वेळी मध्ये एखादे पाते असतेच. निंदणीला खुरपे, सोंगणीला विळा, संत्र्याच्या छाटणीला कात्री, रोपवाटिकेत डोळा भरण्याचा चाकू, गोठ्यात कुट्टी यंत्राची पाती आणि कुंपणाला कुऱ्हाड. पाते बोथट असले तर वेळ जातो, मालाची प्रत घसरते आणि काम करणाऱ्याचा हातही दुखावतो.

अलीकडे बाजारात, तसेच घरपोच माल पाठविणाऱ्या दुकानांतूनही, विजेवर चालणारी पट्ट्याची धारयंत्रे मिळू लागली आहेत. एक लहान मोटर, दोन किंवा तीन चाके आणि त्यांवरून सतत फिरणारा, पॉलिश पेपरासारखा खरखरीत पट्टा, अशी त्यांची साधी रचना असते. पाते पट्ट्याला टेकविले की काही क्षणांत धार येते. हे पाहून पुष्कळ शेतकरी विचारतात, हे यंत्र घ्यावे काय? आणि हे यंत्र आले म्हणजे धारेचा दगड अडगळीत टाकावा काय?

या प्रश्नांवर माझे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. यंत्र गावात यावे, पण ते सर्वांच्या उपयोगाचे म्हणून यावे. दगड मात्र प्रत्येक घरात आणि सोंगणीच्या प्रत्येक टोळीजवळ असावा. यंत्राने मोडलेले पाते सुधारावे. रोजची धार दगडाने राखावी. या मताची कारणे पुढे मांडीत आहे.

बोथट विळ्याची किंमत

कामठी तालुक्यात आणि आसपास सोयाबीन, कापूस, तूर, गहू, हरभरा ही पिके होतात. पूर्वेकडे मौदा-रामटेकच्या बाजूला धान आहे. सोयाबीनची सोंगणी बव्हंशी स्त्रिया करतात, आणि पुष्कळदा ती एकरी ठेक्याने दिली जाते. ठेक्याच्या कामात विळा बोथट झाला तर त्याचा पहिला भुर्दंड त्या बाईच्या मजुरीवर पडतो. तितक्याच पैशांत तिला अधिक वेळ वाकून राहावे लागते.

पण नुकसान तिच्यापुरते राहत नाही. पक्व सोयाबीनचे खोड वाळलेले व लाकडासारखे कठीण असते. बोथट विळ्याने ते कापले जात नाही, ओढले जाते. हिसका बसला की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर सांडतात. कित्येक झाडे मुळासकट उपटून येतात. त्यांच्याबरोबर आलेली माती मळणी यंत्रात जाते, दाण्यात मिसळते आणि बाजारात माल डागी ठरतो. शिवाय मुळे व त्यांवरील गाठी जमिनीत राहिल्या तर त्यांतील नत्र व सेंद्रिय अंश त्याच शेताला मिळतो. झाड उपटले तर तो शेताबाहेर जातो. धारदार विळ्याने जमिनीलगत केलेला स्वच्छ काप हा या दृष्टीने जमिनीच्या निगेचाच एक भाग आहे.

धार लवकर का जाते, हेही समजून घ्यावे. धान व गहू यांच्या काडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ते पोलादाला घासत राहतात. सोयाबीन जमिनीलगत कापताना विळा मातीला व खड्यांना लागतो. यामुळे सकाळी उत्तम असलेली धार दुपारपर्यंत मंदावते. यंत्रावर कितीही चांगली धार लावली तरी ती दिवसभर टिकत नाही, ही गोष्ट या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

बोथट पात्याचा आणखी एक धोका आहे. त्याला जोर अधिक लावावा लागतो, आणि जोराने ओढलेले पाते निसटले की ते डाव्या हाताच्या बोटांवर किंवा नडगीवर येते. अशी जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीसाठी आरोग्य केंद्रात जाणे अगत्याचे आहे. हळद किंवा माती भरून काम पुढे रेटू नये.

पट्ट्याचे गुण

यंत्राचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटली होती, असे सांगतात. ती भीती निराधार ठरली. नव्या साधनाला केवळ नवे म्हणून नाकारणे आपल्याला परवडणारे नाही.

पट्ट्याचे बळ त्याच्या वेगात आहे. मोटरीवरील चाक ५ सेंटिमीटर व्यासाचे असून ते मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल, तर पट्टा मिनिटाला सुमारे २२६ मीटर धावतो. याउलट दगडावर हाताने १५ सेंटिमीटरचा पल्ला घेऊन मिनिटाला तीस वेळा पुढे-मागे केले, तर पाते ९ मीटर घासले जाते. म्हणजे पट्ट्याचे घासणे हाताच्या पंचवीस पट झाले. दगडाला लागून दात्रे पडलेला कोयता, टोक मोडलेला चाकू किंवा खड्ड्यासारखी खाच पडलेली कुऱ्हाड हाताने सुधारण्यास तासन् तास लागतात. पट्ट्यावर हे काम थोडक्या वेळात होते.

विजेचा खर्चही नगण्य आहे. ३०० वॅटची मोटर दहा मिनिटे चालली तर युनिटाचा विसावा भाग वीज लागते. कोराडीचे वीज केंद्र ज्या तालुक्यात आहे तेथे एवढ्या विजेची चिंता करण्याचे कारण नाही. काही यंत्रांना कोन धरून ठेवणारी खाच असते. ज्याचा हात अजून बसलेला नाही अशा तरुणाला तिचा चांगला उपयोग होतो.

कुट्टी यंत्राच्या पात्यांसाठी तर पट्टा विशेष सोयीचा आहे. ही पाती लांब, सरळ व एका बाजूने उतरती असतात. ती काढून, उतरत्या बाजूनेच, सर्व पाती सारखी घासावी. एक पाते अधिक झिजले तर चाकाचा तोल बिघडतो. धार लावून पाती पुन्हा बसविताना स्थिर पात्यापासूनचे अंतर सर्वत्र सारखे राखावे. नाहीतर कडबा कापला न जाता चेंगरतो. पाती काढण्यापूर्वी विजेची जोडणी तोडावी, हे वेगळे सांगावयास नकोच. तरी सांगतो, कारण विसर पडतो तो याच वेळी.

पट्ट्याचे दोष

जो वेग यंत्राचे बळ, तोच त्याचा दोषही आहे. घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि पात्याच्या अगदी कडेला धातू इतका पातळ असतो की ती उष्णता मागे सरकण्यास जागाच नसते. लोहार पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवितो आणि मग बेताने पुन्हा तापवितो. यालाच आपण पात्याला पाणी देणे म्हणतो. पट्ट्यावर कडेचे तापमान वाढत गेले की स्वच्छ घासलेल्या पोलादावर रंग उमटू लागतात. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, त्यानंतर तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. साध्या कार्बन पोलादाच्या कडेवर निळा रंग दिसला की तेथले पाणी उतरले असे समजावे. ती धार त्या क्षणी केस कापील, पण शेतात तासाभरात वळेल. त्यानंतर पाते पाण्यात बुडविल्याने गेलेला कठीणपणा परत येत नाही. तेवढा भाग घासून काढावा लागतो किंवा पाते पुन्हा भट्टीत न्यावे लागते.

म्हणून पट्ट्यावर पाते दाबून धरू नये. हलक्या हाताने एक फेर द्यावा, लगेच पाण्यात बुडवावे आणि मग दुसरा फेर द्यावा. पाते बोटाला चटका देऊ लागले की थांबावे.

दुसरा दोष झिजेचा आहे. दगड रेणूरेणूने घासतो, पट्टा चुकला तर एका फेरात पुष्कळ धातू नेतो. समजा, उतावीळपणे प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर पाते झिजविले आणि असे दर आठवड्यास केले, तर वर्षभरात २६ मिलिमीटर पाते जाईल. तीन सेंटिमीटर रुंदीच्या विळ्याचे यानंतर काय उरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तिसरी अडचण आकाराची आहे. सुरी, कोयता व कुऱ्हाड यांची धार सरळ किंवा बाहेर फुगलेली असते. ती पट्ट्यावर नीट टेकते. विळ्याची धार आतल्या वळणात असते. पट्ट्यामागे सपाट पट्टी असेल तर विळ्याचे वळण तिच्यावर बसत नाही. केवळ पट्ट्याची कड त्यात रुतते आणि धारेत खळगा पडतो. त्यासाठी अरुंद पट्टा हवा आणि मागे आधार नसलेल्या, किंचित लवचिक भागावर काम करावयास हवे. अशा लवचिक भागावर धार थोडी गोलसर होते. कोयता व कुऱ्हाड यांना ती मानवते, कारण त्यांना घाव सोसावा लागतो. डोळा भरण्याच्या चाकूला ती मुळीच चालत नाही.

दातेरी विळ्याच्या बाबतीत तर पट्टा वर्ज्यच समजावा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा नवीन विळा किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा यांसारख्या सुधारित विळ्यांची करामत त्यांच्या बारीक दातांत आहे. ते काड करवतीसारखे कापतात, म्हणून त्यांना जोर कमी लागतो आणि वरचेवर धार लावावी लागत नाही. असा विळा कोणी उत्साहाने पट्ट्यावर धरला तर दात नाहीसे होतात आणि हाती राहतो तो एक सामान्य, पातळ विळा. दात झिजल्यावर ते बारीक त्रिकोणी कानशीने एकेक करून काढता येतात. तेवढा वेळ नसेल तर पातेच बदलावे.

ठिणगी, धूळ आणि पदर

यंत्राजवळच्या धोक्यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. विदर्भात कापूस भाव येईपर्यंत घरात साठविला जातो. ओसरीत कडबा आणि सोयाबीनचे कुटारही असते. पट्ट्यावरून उडणारी ठिणगी विझल्यासारखी दिसली तरी कापसात पडून आतल्या आत धुमसू शकते. यास्तव धारयंत्र ज्या खोलीत कापूस, कडबा किंवा डिझेल असेल त्या खोलीत कदापि चालवू नये. ते मोकळ्या जागी, फरशीवर किंवा साफ केलेल्या जमिनीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून चालवावे.

कोरड्या घासणीची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. इंग्लंडातील शेफील्ड हे सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथे एकोणिसाव्या शतकात वालुकाश्माच्या चाकांवर कोरडी धार लावणारे कारागीर दगडाच्या धुळीमुळे छातीच्या रोगाने तरुणपणीच मरत. आजच्या पट्ट्यांत वालुकाश्म नसला तरी धातूची व घासकणांची धूळ असतेच. नाकाला मास्क बांधावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

फिरत्या पट्ट्याजवळ साडीचा पदर, ओढणी, गळ्यातील दुपट्टा किंवा मोकळे केस असता कामा नयेत. कापडी हातमोजेही घालू नयेत. ते पट्ट्यात ओढले जातात. पात्याची धार पट्टा ज्या दिशेला जात आहे त्या दिशेकडे असावी, म्हणजे पट्टा धारेवरून निसटून पुढे जातो. धार पट्ट्याच्या समोर धरली तर ती पट्ट्यात रुतते, पट्टा फाटतो आणि पाते हातातून भिरकावले जाते.

दगडावर धार कशी लावावी

आता हाताच्या धारेकडे वळू. कित्येकांना वाटते की ही वडिलोपार्जित विद्या असून ती शिकवून येत नाही. हा समज चुकीचा आहे. तिची सूत्रे थोडी आहेत.

एका बाजूस भरड व दुसऱ्या बाजूस बारीक असलेला कार्बोरंडमचा दगड घ्यावा. तो लोखंडी सामानाच्या दुकानात साधारण एका दिवसाच्या मजुरीच्या आत मिळतो. दगड पाण्याने ओला करावा आणि काम करताना ओलाच ठेवावा. कोरड्या दगडाची छिद्रे धातूच्या भुकटीने बुजतात व तो घासेनासा होतो.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो कोन. घरातील सुरीला एका बाजूस १५ ते २० अंश, विळ्याला २० ते २५, कोयता व कुऱ्हाड यांना २५ ते ३० अंशांचा कोन सामान्यतः योग्य ठरतो. अंश मोजण्याचे साधन शेतकऱ्याजवळ नसते, म्हणून एक सोपे माप सांगतो. पात्याची रुंदी ३ सेंटिमीटर असेल आणि त्याची पाठ दगडापासून १ सेंटिमीटर उचलली, तर कोन जवळजवळ २० अंशांचा होतो. म्हणजे पाठ रुंदीच्या एक-तृतीयांश उचलावी. कोन बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी धारेच्या उतारावर काजळ किंवा शाई लावावी आणि दोन-चार वेळा घासावे. काजळ अगदी कडेपर्यंत पुसले गेले तर कोन बरोबर आहे. केवळ मागच्या बाजूचे गेले तर पाठ थोडी अधिक उचलावी; केवळ कडेचे गेले तर ती खाली घ्यावी.

घासता घासता दुसऱ्या बाजूस कडेवर धातूची बारीक खरखरीत कड वळून येते. कडेपासून बाहेरच्या दिशेने बोट हलकेच ओढले तर ती जाणवते. ही कड साऱ्या लांबीवर आली म्हणजे या बाजूचे काम पुरे झाले. मग बाजू बदलावी, नंतर दगडाची बारीक बाजू वापरावी आणि शेवटी ती कड जुन्या चामड्याच्या पट्टीवर, धार मागे ठेवून, पुसून काढावी. ही कड न काढता पाते वापरले तर ती पहिल्याच काडाला दुमडते आणि लोक म्हणतात की दगडाची धार टिकत नाही.

साध्या विळ्याच्या बाबतीत रीत उलटी. विळा स्थिर ठेवावा आणि निमुळता लांबट दगड त्याच्या वळणातून फिरवावा. मूठ गुडघ्याखाली किंवा धुऱ्यावरच्या ओंडक्यावर पक्की दाबावी, पाठ आपल्याकडे व धार आपल्यापासून दूर असावी, आणि दगड धरणारी बोटे दगडाच्या कडेखाली येऊ देऊ नयेत. ज्या बाजूस मूळचा उतार आहे त्याच बाजूने मुख्य घासणी करावी. दुसऱ्या बाजूस केवळ वळलेली कड काढण्यापुरता दगड फिरवावा. एवढ्या कामास सरावलेल्या हाताला पाच मिनिटे पुरतात, वीज लागत नाही आणि ते शेतातच होते. धार आली की नाही हे अंगठ्याने पाहू नये. जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापून पाहावा.

संत्र्याच्या बागेत अधिक काळजी

नागपूरच्या संत्र्याची कलमे डोळा भरून होतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी या अक्षरासारखा छेद देऊन त्यात ढालीच्या आकाराचा डोळा बसवितात. चाकू बोथट असेल तर साल चिरत नाही, फाटते; डोळ्यामागचा हिरवा पापुद्रा चेंगरतो आणि डोळा फुकट जातो. या चाकूला पट्ट्याचे काम नाही. बारीक दगड आणि चामडे एवढ्यावरच त्याची धार राखावी. छाटणीच्या कात्रीचे कापणारे पाते केवळ बाहेरच्या उतारावर घासावे. आतली सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चिरडते. विडीचे पान कापणाऱ्या कात्रीलाही हाच नियम लागू आहे. विडी व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या कामठीत, जेथे बाबू हरदास (१९०४-१९३९) यांनी विडी कामगारांना संघटित केले, तेथल्या जुन्या कामगारांना हे नव्याने सांगावे लागणार नाही.

धारेइतकीच स्वच्छताही महत्त्वाची आहे. लिंबूवर्गीय झाडांतील एक्सोकॉर्टिस हा रोग दूषित चाकू-कात्रीमधून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर तो विशेष त्रासदायक ठरतो. चाकू केवळ ज्वाळेवर धरल्याने त्याचा पक्का बंदोबस्त होत नाही. पाच टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे चार भाग असे ताजे द्रावण करून त्यात पाते बुडवावे, मग पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा; कारण ब्लीचने पोलाद गंजते. सामाईक धारयंत्रावर अनेक बागांची अवजारे एकत्र येणार असतील, तर प्रत्येकाने आपले अवजार नेण्यापूर्वी व आणल्यावर असे धुणे अगत्याचे आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून रोगमुक्त कलमे आणावयाची आणि मग मळक्या कात्रीने त्यांत रोग घालावयाचा, हे शहाणपणाचे नव्हे.

यंत्र कोणाच्या अंगणात?

येथवर गुणदोषांचा विचार झाला. पण माझ्या मते खरा प्रश्न याहून निराळा आहे. सोंगणीचा विळा असतो मजूर बाईचा. ती तो घरून आणते. धारयंत्र मात्र उभे राहते ते ज्याच्याजवळ चार पैसे आहेत त्या शेतकऱ्याच्या ओसरीत. त्याच्या यंत्रावर त्याचा कोयता, त्याची कुऱ्हाड व त्याच्या स्वयंपाकघरातील सुरी चकचकीत होते. त्याच्याच शेतात राबणारा विळा मात्र बोथट राहतो. दुसऱ्याच्या ओसरीत जाऊन, पुरुषांच्या घोळक्यात, आपला विळा पुढे करणे तिला संकोचाचे वाटते. अशा रीतीने गावात दहा यंत्रे आली तरी सोंगणीत काडीचाही फरक पडणार नाही.

म्हणून धारयंत्र घरोघर वाटण्याच्या मागणीला माझा विरोध आहे. ते गावातील अवजारे बँकेत, शेतकरी गटाकडे, महिला बचत गटाकडे, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे गावच्या लोहाराकडे असावे. लोहाराला पोलादाची जात ओळखता येते. कोणते पाते घासण्याजोगे आहे आणि कोणते जाड होऊन आता भट्टीतच पाजविले पाहिजे, हे त्याला नजरेने कळते. पट्टा धार काढतो, पण जाड झालेले पाते ठोकून पातळ करू शकत नाही व उतरलेले पाणी चढवू शकत नाही. ते काम आजही ऐरण-हातोड्याचेच आहे. यंत्र लोहाराच्या हाती गेले तर त्याच्या विद्येला जोड मिळेल. ते त्याला डावलून आले तर काही वर्षांत गावातली भट्टी विझेल आणि मग वखराची पास पाजविण्यासाठीही कामठी-नागपूर गाठावे लागेल. सायकलीच्या चाकावर सहाण फिरवीत दारोदार येणारे धारवाले आता क्वचितच दिसतात. तो अनुभव आपल्यासमोर आहेच.

काही शेतकरी यावर आक्षेप घेतील की मजूर मिळत नाहीत, कापणी यंत्रे आली आहेत, आता विळ्याची चर्चा कशाला? कापणी यंत्रे आली हे खरे. पण पावसाने आडवे पडलेले पीक, चिखलाचे वावर, लहान तुकडे, तुरीच्या ओळी आणि बांधावरचा चारा या ठिकाणी आजही हातच लागतो. ज्या अर्थी हात कमी आहेत, त्या अर्थी जे आहेत त्यांचे श्रम वाया जाऊ नयेत हेच शहाणपण. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. दहा बायांनी दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे धार लावली तर एकूण शंभर मिनिटे कामाची गेली, असे मालक म्हणतो. परंतु बोथट विळ्याने दिवसभरात किती मिनिटे जातात, किती दाणे गळतात आणि किती माती खळ्यावर येते, हे तो मोजत नाही. मोजले तर त्या शंभर मिनिटांची कुरकूर तो करणार नाही.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या सोंगणीपूर्वी आपापल्या गावी एक छोटे प्रात्यक्षिक घ्यावे. एकाच शेतात, एकाच लांबीच्या दोन ओळी निवडाव्या. एक ओळ बोथट विळ्याने व दुसरी नुकत्याच धार लावलेल्या विळ्याने, त्याच बाईकडून, मध्ये विश्रांती देऊन कापून घ्यावी. लागलेला वेळ, उपटून आलेली झाडे आणि जमिनीवर पडलेले दाणे सर्वांसमक्ष मोजावे. भाषणापेक्षा या तीन आकड्यांचा परिणाम अधिक होईल. प्रात्यक्षिकाची वेळ स्त्रियांना सोयीची ठेवावी, दगड त्यांच्या हातात द्यावा आणि काजळाची खूण त्यांना स्वतः करून पाहू द्यावी. केवळ पुरुषांसमोर केलेले विळ्याचे प्रात्यक्षिक अर्धेच म्हणावे लागेल.

ज्या गावी धारयंत्र आलेच आहे तेथे त्याची जागा, पाण्याची बादली, चष्मा आणि पट्ट्याची दिशा या चार गोष्टी जाऊन पाहाव्या. यंत्र चालविणाऱ्यास निळ्या रंगाचा अर्थ समजावून द्यावा. दातेरी विळा यंत्रावर धरू नये, अशी पाटी तेथे लावावी.

शेतकरी बंधूंनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. सोंगणीच्या दिवशी धुऱ्यावर पिण्याच्या पाण्याची घागर ठेवतो, तसा एक चांगला दगड आणि त्यासाठी पाण्याचे एक भांडे आपल्या खर्चाने ठेवावे. आणि सकाळी कामास लागताना व दुपारच्या भाकरीनंतर धार लावण्यासाठी लागणारा वेळ मजुरीत धरावा. रोजची धार दगडाने राखावी, मोसमाच्या आरंभी मोडके पाते पट्ट्यावर सुधारून घ्यावे आणि वर्षातून एकदा लोहाराच्या भट्टीचे तोंड पाहावे, असा क्रम घालून घेतला तर यंत्राचा लाभही होईल आणि हाताची विद्याही राहील. सोंगणीला अजून अवकाश आहे, तोवर घरातील विळे खाली काढून पाहण्यास हरकत नाही.